ठिगळ पाठवायचं कसं?



दिवाळीला पुतण्या बेंगळुरूहून भालकीला आला, की आमच्या घरात फराळाबरोबर आणखी एक गोष्ट तयार असते : बिघडलेल्या यंत्रांची यादी. आजोबांना कीर्तनाचे व्हिडिओ सापडत नाहीत, त्याच्या आईच्या मोबाईलमध्ये जागा उरलेली नाही, शेजारच्यांचा प्रिंटर फक्त अर्धं पान छापतो. तुमच्याही घरात असंच असणार. पोरगं सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर त्याला प्रिंटरही यायलाच पाहिजे, हा आपल्याकडचा नियम आहे.

गेल्या दिवाळीत या यादीत एक नवीन तक्रार आली. आमच्या ओळखीच्या एक मॅडम तालुक्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत. त्या म्हणाल्या, "सर, बी.ए.चा पोरगा ॲरिस्टॉटलवरचं मराठी पुस्तक मागतोय. संगणक म्हणतोय, शून्य पुस्तकं. अन् पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात हाय की! मी डोळ्यांनी बघतेय."

पुतण्या गेला, बघितलं आणि तासाभरात हसत परत आला. गंमत अशी होती. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. पूर्वी आपण 'अ' लिहून त्यावर चंद्र द्यायचो. म्हणजे संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं. मग २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठीसाठी 'ॲ' हे स्वतंत्र, एकच चिन्ह आलं. छापल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही. पण संगणकाला ती 'क' आणि 'ख'इतकी वेगळी वाटतात. कॉलेजातल्या जुन्या नोंदी पहिल्या तऱ्हेने टाइप केलेल्या होत्या. मुलाच्या मोबाईलचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा होता. आता 'दुसऱ्या' हा शब्दच घ्या ना, त्यातला आडवा र सुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि तिथेही हाच घोळ होतो.

ग्रंथालयाची प्रणाली मुक्त स्रोताची होती, म्हणजे तिची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते आणि बदलता येते. पुतण्याने शोधाच्या नियमांच्या फाईलमध्ये दोन ओळी घातल्या : ही दोन रूपं एकच समज, आणि ती दोन रूपं एकच समज. मग पुस्तकांची सूची पुन्हा तयार करायला लावली. ॲरिस्टॉटल सापडला. मॅडमनी चिवड्याचा डबा पाठवला. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

मे महिन्यात मॅडमचा फोन आला. "सर, तुमचा ॲरिस्टॉटल परत गेला की!"

कॉलेजने सुट्टीत प्रणालीची नवी आवृत्ती बसवून घेतली होती. नव्या आवृत्तीबरोबर नियमांची नवी फाईल आली. जुनी गेली, आणि तिच्याबरोबर आमच्या दोन ओळीही गेल्या. पुतण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, मी ते कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं."

मी विचारलं, "मग त्या वेळीच ज्यांनी ही प्रणाली बनवली त्यांच्याकडे का पाठवलं नाहीस? त्यांनी मूळ प्रतीत घेतलं असतं, तर नव्या आवृत्तीत आपोआप आलं असतं."

"पाठवायला बसलो होतो. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. पाठवायला दोन तास झाले तरी जमेना. मग बसची वेळ झाली."

आजचा लेख त्या दोन तासांबद्दल आहे.

*

आधी शब्द समजून घेऊ. प्रोग्राममधल्या दुरुस्तीला सगळीकडे 'पॅच' म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. पॅच ही एक साधी मजकुराची फाईल असते. कोणत्या फाईलमधली कोणती ओळ काढली ती उणे चिन्ह लावून, कोणती घातली ती अधिक चिन्ह लावून, आणि जागा ओळखू यावी म्हणून आजूबाजूच्या दोन-चार ओळी. पूर्ण प्रोग्राम लाखो ओळींचा असला, तरी आपण पाठवतो ते एवढंच. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचाच छोटा प्रोग्राम लिहिला. तो अशी फाईल वाचून दुसऱ्याच्या प्रतीवर नेमक्या जागी ठिगळ बसवून द्यायचा. त्याआधी दुरुस्त केलेली सगळी फाईल पाठवावी लागे, नाहीतर "अमुक ओळीत तमुक बदला" असं पत्र लिहावं लागे.

ठिगळं कुठे पाठवायची? त्यासाठी चुकांची नोंदवही असते, तिला 'बग ट्रॅकर' म्हणतात. या नोंदवह्यांमधली एक नावाजलेली म्हणजे १९९८ सालची बगझिला. प्रत्येक चुकीला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली चूक कोणाला दिसली, कोणी दुरुस्ती पाठवली, कोणी तपासली, शेवटी घेतली की नाही, हे सगळं एकाखाली एक लिहिलेलं राहतं. तहसीलमधल्या फाईलसारखंच, फक्त ही फाईल जगातला कुणीही उघडून वाचू शकतो.

आणि तिसरं, 'गिट'. लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेलं हे अवजार प्रोग्राममधला प्रत्येक बदल तारीख आणि कारणासकट जपून ठेवतं. तुमच्यातले जे इंजिनिअरिंगला आहेत त्यांना हे रोजचंच आहे. इतरांनी एवढंच लक्षात ठेवा : ठिगळ तयार होतं गिटमध्ये, आणि ते जमा करायचं असतं बगझिलासारख्या नोंदवहीत. या दोघांची ओळख नसते. मधलं अंतर माणसाला पायी चालावं लागतं.

ते चालणं कसं असतं बघा. गिटमधून ठिगळाची फाईल काढायची. ब्राउझर उघडून लॉगिन करायचं. आपल्या चुकीचा क्रमांक शोधायचा. 'फाईल जोडा'वर जायचं, फाईल निवडायची. ही फाईल म्हणजे पॅच आहे, अशी खूण करायची. वर्णन लिहायचं, जे गिटमध्ये एकदा लिहिलेलंच असतं. आपलं आधीचं ठिगळ जुनं झालं असेल तर तेही सांगायचं. मग नोंदीची स्थिती बदलायची, नाहीतर तपासणाऱ्यांना कळतच नाही की काही आलंय. शेवटी एक टिप्पणी. ठिगळं पाच असतील तर हे सगळं पाच वेळा, आणि तेही बरोबर क्रमाने.

यातली एकही पायरी अवघड नाही, पण यातली कोणतीही पायरी चुकू शकते. स्थिती बदलायची राहिली की तुमचं ठिगळ महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. जुनं रद्द करायचं राहिलं की तपासणारा जुनंच तपासतो आणि वैतागतो. रोज पाठवणाऱ्याला हाताला सवय होते. पहिल्यांदा पाठवणारा मात्र बसची वेळ झाली की उठून जातो.

*

या अडचणीवर ज्यांनी खरोखर काम केलं, त्यांतलं एक उदाहरण ग्रंथालयांच्याच जगातलं आहे, म्हणून ते सांगतो.

न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागात छोटी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. १९९९ साली त्यांच्यापुढे प्रश्न आला की, जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नाही. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी स्थानिक प्रोग्रामरांकडून एक बनवून घेतली आणि ती सगळ्या जगाला मोफत खुली केली. जानेवारी २०००मध्ये ती सुरू झाली. नाव ठेवलं 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे पाहुण्याने यजमानाकडे जाताना नेलेली भेट. आपल्या आहेरासारखं. आहेर घेतला की कधीतरी परत करायचा असतो, तसंच कोहामध्येही परतफेडीची समजूत असते.

आज भारतातल्या कितीतरी कॉलेजांत कोहा चालते. आणि आपल्या मराठी मुलखाशी तिचा थेट संबंधही आला आहे. कोहा वापरणाऱ्यांची आणि बनवणाऱ्यांची जागतिक परिषद २०१० साली वेलिंग्टनला झाली, २०१२ साली एडिंबरोला. मधल्या २०११ सालची परिषद ठाण्याला झाली, विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली. परिषदेला जोडून काही दिवस नुसतं एकत्र बसून प्रोग्राममध्ये भर घालण्याचेही होते.

कोहाच्या कामाची पद्धत मला आवडते ती एका नियमासाठी. तुम्ही पाठवलेलं ठिगळ तुमच्याच शब्दावर कधीच घेतलं जात नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी ते आपल्या संगणकावर बसवून, तपासून, "मी बघितलं, चालतं" अशी आपल्या नावाची सही करायची. याला 'साइन ऑफ' म्हणतात. मग गुणवत्ता तपासणाऱ्या गटातला तिसरा माणूस बघतो. त्यानंतरच ते मूळ प्रतीत जातं. त्यासाठी ठिगळाबरोबर तपासणीची कृती लिहावी लागते : हे करा, हे दिसेल, ठिगळ बसवा, परत तेच करा, आता हे दिसलं पाहिजे. पाककृती लिहावी तशी.

पण मंडळी, हिशेब करा. एक ठिगळ कमीत कमी तीन जणांच्या हातातून जातं. प्रत्येकाने ते उतरवून घ्यायचं, बसवायचं, सही करून परत जोडायचं. वर सांगितलेली पायपीट तिप्पट झाली. पाठवणं अवघड असेल तर तपासणंही अवघड, आणि मग सहीचा चांगला नियमच लोकांच्या गळ्याशी येतो.

यासाठी कोहाच्या मंडळींनी हातात घेतलेलं अवजार म्हणजे 'गिट-बीझेड'. मुळात हे त्यांचं नव्हे. लिनक्सवरच्या ग्नोम या प्रकल्पातले ओवेन टेलर यांनी २००८च्या सुमारास ते स्वतःच्या रोजच्या कामासाठी लिहिलं. हे कमांड लाइनचं अवजार आहे, म्हणजे चित्रांवर टिचक्या मारायच्या नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. 'गिट बीझेड अटॅच', पुढे चुकीचा क्रमांक, आणि कोणता बदल ते. झालं. ते स्वतः ठिगळाची फाईल बनवतं, नोंदवहीत जातं आणि जोडून येतं. पाच असतील तर पाचही, क्रमाने. उलटं काम 'अप्लाय' करतं : क्रमांक दिला की नोंदवहीतली चालू ठिगळं आणून तुमच्या प्रतीवर बसवतं.

*

आता मुख्य मुद्दा. असं अवजार एकदा लिहिलं की काम संपत नाही. ते कसं पाठवतं, हे सुधारावं लागतं. त्या सुधारणांकडे बघितलं की दिसतं, अडतं कुठे ते.

पहिली अडचण ओळख पटवण्याची. नोंदवही विचारते, तू कोण? सुरुवातीला गिट-बीझेडने हुशारी केली. तुम्ही ब्राउझरमध्ये लॉगिन केलेलंच असतं, त्याची खूण ब्राउझर आपल्याजवळ एका छोट्या फाईलमध्ये ठेवतो. तिला कुकी म्हणतात. हे अवजार ती कुकी गुपचूप वाचायचं आणि तुमच्या नावाने आत जायचं. पासवर्ड विचारायची गरजच नाही. पण ब्राउझर कुकी ठेवायची पद्धत बदलत गेले, काहींनी ती कुलुपात घातली, आणि दर वेळी अवजार अडखळायला लागलं. शेजाऱ्याच्या किल्लीवर घर चालवलं की असं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे नाव आणि पासवर्ड गिटच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवायचे. कोहाच्या मांडणीत ही सोय आहे. चालतं, पण पासवर्ड साध्या मजकुरात पडून राहतो. कॉलेजच्या लॅबमधल्या सामायिक संगणकावर असं कधी करू नका. तिसरा, खरा मार्ग नोंदवहीनेच द्यावा लागतो : अवजारासाठी वेगळी किल्ली, जी हरवली तर तेवढीच रद्द करता येते, आपला पासवर्ड सुरक्षित राहतो. बगझिलाने २०१५च्या ५.० आवृत्तीत ही सोय दिली. म्हणजे बघा, काही सुधारणा अवजाराच्या हातात नसतात. दार ज्याचं, त्याने कडी-कोयंडा नीट करावा लागतो.

दुसरी अडचण विसरण्याची. गिट-बीझेडची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की, पाठवण्याआधी ते एक पान उघडून समोर ठेवतं. त्यात तुमचं वर्णन असतं, टिप्पणीसाठी जागा असते, आणि खाली या चुकीवर आधी आलेल्या ठिगळांची यादी असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह असतं. ते पुसलं की "हे जुनं ठिगळ आता रद्द" असा अर्थ होतो. कोहाच्या मंडळींनी आपल्या प्रतीत याच पानावर स्थितीच्या ओळीही घातल्या : सही हवी आहे, सही झाली, तपासणी झाली. योग्य त्या ओळीचं चिन्ह पुसायचं, की स्थिती बदलली. वेगळं आठवायला नको. आणि मन बदललं तर पान रिकामं करून बंद करायचं. काहीही जात नाही.

साधी गोष्ट आहे. पण विचार करा, बँकेत पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर रकाने छापलेले नसते तर आपल्यातले किती जण खाते क्रमांक लिहायला विसरले असते! विसरणाऱ्याला दोष देण्यापेक्षा चिठ्ठीवर रकाना छापणं सोपं.

तिसरी अडचण भीतीची, आणि तिच्यावर कमांड लाइन पुरी पडत नाही. मॅडमसारख्या माणसाला काळा पडदा दाखवला तर त्या हात मागे घेणार. पण ॲरिस्टॉटल सापडला की नाही, हे त्यांच्याइतकं नीट कोण सांगणार? कोहाच्या मंडळींनी यासाठी 'सँडबॉक्स' काढले, म्हणजे वाळूत खेळायची जागा. ब्राउझरमध्ये चुकीचा क्रमांक दिला की दूरच्या एका संगणकावर ते ठिगळ बसवलेली पूर्ण प्रणाली तयार होते. ग्रंथपालाने तिथे शोधून बघायचं, मोडतोड करून बघायची, आणि पटलं तर तिथूनच सही करायची. प्रोग्रामिंगचं एक अक्षर यायची गरज नाही. मला वाटतं, सगळ्यात मोठी सुधारणा हीच. अवजार अधिक हुशार झालं म्हणून नव्हे, तर सही करणाऱ्यांच्या रांगेत ग्रंथपाल उभे राहू शकले म्हणून.

पुढे जग बदललं. ग्नोमने २०१८ साली बगझिला सोडून गिटलॅब धरलं, जिथे गिट आणि नोंदवही एकाच छताखाली असतात. जिथे हे अवजार जन्मलं तिथेच त्याची गरज संपली. कोहाने मात्र त्यानंतरही बगझिला आणि गिट-बीझेडची जोडी चालवली. कोणती पद्धत चांगली यावर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. मी एकच गोष्ट बघतो : पहिल्यांदा येणारा माणूस बसच्या वेळेआधी काम संपवून उठू शकतो का?

*

दुरुस्ती पाठवायची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२मधली. पुढे तीनशे वर्षं हाताने नकला होत गेल्या, आणि नकलणाऱ्यांच्या चुका, पदरच्या ओव्या, सगळं त्यात मिसळत गेलं. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथ महाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. घरातल्या एका पोथीत समासात दुरुस्ती करून ते थांबले असते, तर ती दुरुस्ती त्या पोथीबरोबर गेली असती. त्यांनी ती सगळ्यांपर्यंत जाईल अशी केली. आणि स्वतः एवढे मोठे कवी असून, यात कुणी आपली ओवी घालू नये असं शेवटी बजावलं. आजचे तपासणारे वेगळं काय सांगतात? एका ठिगळात एकच काम करा, जाता जाता आपल्या आवडीचं काही घुसडू नका.

उलट बाजू बघायची तर बिदरला महमूद गावानच्या मदरशापुढे जाऊन उभं राहावं. १४७२ सालची इमारत. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज भिंतीवरच्या निळ्या फरशा बघायला मिळतात, पोथी एकही नाही. जे एकाच जागी असतं, ते त्या जागेबरोबर जातं. पुतण्याच्या दोन ओळी ही फार किरकोळ गोष्ट झाली, पण त्या गेल्या त्याच कारणाने.

*

तर पुढे काय झालं? जूनमध्ये पुतण्या दोन दिवसांसाठी आला. या वेळी आम्ही तिघं बसलो. तो, मी आणि मॅडम. तपासणीची कृती मॅडमनी सांगितली आणि त्याने इंग्रजीत उतरवली : जुन्या तऱ्हेने टाइप केलेली ॲरिस्टॉटलची एक नोंद करा, नव्या तऱ्हेने शोधा, शून्य दिसेल. ठिगळ बसवा, सूची नव्याने तयार करा, पुन्हा शोधा, एक दिसलं पाहिजे. मग 'दुसऱ्या'ची तीच कृती. अवजार आधीच बसवून ठेवलेलं होतं. पान उघडलं, सगळ्या ओळी वाचल्या, आणि पाठवलं. चहा निवला नव्हता.

आठवड्याने उत्तर आलं. कुणीतरी विचारलं होतं, हा नियम हिंदी आणि नेपाळी नोंदींवर काही वेगळा परिणाम करत नाही ना? प्रश्न रास्त होता, आम्हाला सुचलाच नव्हता. पुतण्याने आणखी चार नोंदी करून तपासलं, ठिगळ थोडं बदललं, आणि दुसऱ्यांदा पाठवलं. या वेळी पानावर जुन्या ठिगळाची ओळ दिसत होती. तिच्यापुढचं चिन्ह पुसलं. जुनं रद्द, नवं जमा. दिवाळीत दोन तास घालवून जे झालं नव्हतं, ते या वेळी फोनवर माझ्याशी बोलता बोलता झालं.

आता हे मी कशासाठी सांगतोय? ही चूक वेलिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला कधीच दिसणार नाही. बेंगळुरूतल्या माझ्या पुतण्याच्या ऑफिसातही दिसणार नाही. ती भालकीतल्या कपाटासमोर उभ्या असलेल्या मॅडमनाच दिसते. आपण सीमेवरची माणसं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी, नोकरीत इंग्रजी. एका लिपीतून दुसरीत, एका भाषेतून दुसरीत सारखी ये-जा चालू असते, म्हणून जिथे शिवण उसवते ते आपल्याला आधी कळतं. पण दुरुस्ती जिथे जमा होते त्या दारापासून सगळ्यात लांब आपणच असतो. म्हणून ते दार रुंद करणारं, रस्ता सोपा करणारं काम मला मूळ दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना एक विनंती. सुट्टीला गावी आलात, कुणाचं काही नीट करून दिलंत, तर परत जाण्याआधी विचारा : हे मी कुठे पाठवलं? आणि ज्यांना कोड येत नाही त्यांना दुसरी विनंती. चूक दिसली की "आपल्याकडचं असंच असतं" म्हणून सोडू नका. काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, या तीन ओळी लिहून ठेवा. निम्मं ठिगळ तिथेच तयार होतं.

आमच्या ठिगळावर अजून सही झालेली नाही. "सही हवी आहे" या स्थितीत ते उभं आहे. मॅडम दर पंधरवड्याला विचारतात, "घेतलं का त्यांनी?" मी म्हणतो, "अजून नाही." तोवर त्यांनी आपल्या परीने एक ठिगळ लावलं आहे. शोधाच्या संगणकावर, पडद्याच्या वरच्या कडेला, डिंकाने चिकटवलेला कागद : 'ॲ-ने सुरू होणारं पुस्तक सापडलं नाही, तर मॅडमना विचारा.'

तो कागद निघेल त्या महिन्यात याच सदरात कळवीन.